शिडी आणि बैलवाट

भुयाळ्या डोंगराच्या खांद्यावर बावीस घरांचा एक पाडा आहे. डोंगर डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या मध्ये येतो, त्यामुळे वरच्या पाड्याचं रेशन एका तालुक्यात आणि बाजार दुसऱ्यात, असं चालत आलं आहे. खालच्या डांबरी रस्त्यावरून पाड्यावर यायला दोन वाटा. एक शिडी. ती सरळ अंगावर येते, मध्ये कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, आणि पाऊण तासात माणूस वर पोचतो. दुसरी बैलवाट. पूर्वी बैल आणि गाभण गाई त्या वाटेने न्यायचे, म्हणून ती डोंगराला वळसे घालत सावकाश चढते. पाड्यावरचे बैल कमी झाले तशी बैलवाट झुडपांत बुजत गेली आणि सगळे शिडीनेच ये-जा करू लागले.

२०१७च्या जानेवारीत कल्पिता नावाची एक मुलगी पाड्यावर आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, डहाणूच्या मच्छीमार घरातली. तिने बांधकामाचा डिप्लोमा केला होता आणि जिल्ह्यातल्या पर्यटनाच्या योजनेचं काम घेतलेल्या एका संस्थेत नोकरी करत होती. भुयाळ्या डोंगराच्या माथ्यापर्यंत शहरातल्या लोकांना चालत जाता येईल अशी वाट ठरवायची होती. चढ अंगावर न येणारा हवा, लहान मुलं आणि वयस्कर माणसंही चालली पाहिजेत, आणि जाताना काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. वाट ठरली की पाड्यातल्याच लोकांना मजुरी मिळेल असं तिने सांगितलं. मग विचारलं, डोंगर सगळ्यात जास्त कोणाला माहीत आहे.

पाड्याचा जाणता माणूस लाहू. त्याने बसल्या जागेवरून हात करून आपल्या धाकट्या भावाच्या बायकोकडे दाखवलं. रूपी मागे, कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. त्रेचाळीस वर्षांची, काटक. नवरा सहा वर्षांपूर्वी काविळीने गेला तेव्हापासून सरपण, गवत, मध, कंद यांसाठी ती एकटीच डोंगर फिरत होती. लाहूने तिचं नाव घेतलं त्याला आणखी एक कारण होतं. सहा महिने ती कामाव्यतिरिक्त कुठे गेली नव्हती, आणि कोणाशी चार वाक्यं सलग बोलली नव्हती.

रूपी हो म्हणाली. अलीकडे ती सगळ्यालाच हो म्हणायची.

सहा महिन्यांपूर्वी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, तिची एकुलती एक मुलगी निलम साप चावून गेली होती. निलम एकोणीस वर्षांची. बारावी करून तलासरीत कपड्यांच्या दुकानात लागली होती आणि लावणीसाठी चार दिवस घरी आली होती. सकाळी अकराच्या सुमाराला बांधावरून रोपांच्या मुठी उचलताना घोणस चावली. घोंगडी बांबूला बांधून झोळी केली. लाहूने रूपीला विचारलं, "कुठून न्यायची? शिडीनं का बैलवाटेनं?" रूपी निलमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "शिडीनं. जवळ आहे."

पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. पायऱ्यांवर शेवाळ होतं. चौघांना बांबू खांद्यावर सरळ धरता येईना. पुढचे खाली आणि मागचे वर, त्यामुळे निलम झोळीत पायांकडे घसरायची. सात वेळा झोळी खाली ठेवावी लागली. रस्त्यावर पोचायला अडीच वाजले. जीप उभी होती. हायवे लागायच्या आत निलमचा श्वास थांबला. दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासलं आणि हळू आवाजात एवढंच म्हटलं की फार उशीर झाला.

रूपी रडली नाही. बाराव्या दिवशी ती राहिलेली लावणी पुरी करायला खाचरात उतरली. बायका आपसात बोलल्या की हिचं काळीज दगडाचं आहे. रूपीच्या कानावर ते आलं आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही. भात शिजवायची, खायची, भांडी घासायची. मिठाचा खडा टाकायचा राहिला तरी तिच्या लक्षात यायचं नाही. आपण सांगितलेले ते तीन-चार शब्द मात्र तिला रोज ऐकू यायचे. त्याबद्दल तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं, आणि कोणी तिला काही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी कल्पिताला शिडीच बघायची होती. रूपी खाली रस्त्यावर तिला घ्यायला गेली. कल्पिताच्या पाठीवर पिशवी, त्यात चुन्याची पुडी, टेप, चढ मोजायचं एक छोटं यंत्र आणि जागा टिपून ठेवणारं दुसरं. तिने रूपीला मावशी म्हणायला सुरुवात केली. रूपी तिला म्याडम म्हणाली तेव्हा ती म्हणाली की घरी आई पोरी म्हणते, तुम्हीही तसंच म्हणा. रूपीने मान हलवली.

कल्पिता समुद्रकाठची. होडीत उभी राहून जाळं ओढताना तिचा तोल जात नसे, पण शिडीच्या कातळी पायऱ्यांवर ती हातापायांवर रांगायला लागली. एका ठिकाणी ती बसूनच राहिली, खाली बघेना. रूपीने हात दिला आणि तिला वर घेतलं. त्या जागी चौथ्यांदा झोळी ठेवली होती. इथेच निलमने पाणी मागितलं होतं आणि झोळी उचलणाऱ्या चौघांतल्या बारक्याने, नको, दवाखान्यात गेल्यावर दे, असं म्हटलं होतं. रूपी त्या दगडावर पाय ठेवून पुढे गेली. तिच्या मनात काही हललं नाही. तिला फक्त दिसलं की दगडाच्या फटीत एक नवीन रोप आलं आहे.

पाड्यावर पोचल्यावर कल्पिताने वहीत आकडे लिहिले आणि मान नकारार्थी हलवली. एवढा उभा चढ चालणार नाही. दुसरी वाट आहे का, असं तिने विचारलं.

 "आहे," रूपी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी खालूनच बैलवाटेला लागल्या. रूपीच्या हातात कोयता होता. सहा महिन्यांत ती या वाटेला आली नव्हती. पहिला भाग पळसांच्या रानातून जात होता. त्यांना अजून फुलं नव्हती, पण काळ्या कळ्या धरल्या होत्या. मग बांबूचं बेट. तिथून वाट डोंगराच्या पश्चिम अंगाला वळली आणि झाडं विरळ झाली. वळणावर येऊन कल्पिता थांबली. खाली ताडांचे शेंडे, त्यापलीकडे चिकूच्या वाड्यांचे काळपट चौकोन, आणि सगळ्याच्या पलीकडे समुद्राची एक पांढरी रेघ. डाव्या हाताला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळका एकटाच वर आलेला. कल्पिता बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. या बाजूने आपलं गाव आपण कधीच बघितलं नाही, असं म्हणाली. फोटो काढला. जागेवर चुन्याची फुली केली आणि वहीत लिहिलं: पहिला विसावा.

पुढच्या वळणावर काटेसावर फुलली होती, पान एकही नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांवर पळस-मैना, बुलबुल, कावळे यांचा गोंधळ चाललेला. कल्पिताने त्याचाही फोटो घेतला. यंत्र लावून चढ मोजला. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हवं ते सापडलं आहे. प्रत्येक चढानंतर थोडी सपाटी, दर वळणावर वेगळं काही दिसायचं, आणि दम लागायच्या आत सावली यायची. ज्यांनी बैलांसाठी ही वाट पाडली त्यांनी आपल्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा जास्त विचार केला होता, असं ती म्हणाली.

रूपी पुढे झुडपं तोडत होती. कल्पिताने तिला हाक मारून थांबवलं. तिच्या टाचेतून रक्त येत होतं आणि मागे दगडांवर त्याचे डाग पडले होते. करवंदीचा काटा आत मोडला होता. रूपीने पाय वर करून पाहिला. कधी लागला ते तिला कळलंच नव्हतं. कल्पिताने पिशवीतली सेफ्टी पिन काढून काटा काढला, पाण्याने धुतलं, पट्टी लावली. दुखतं का, असं विचारत होती. रूपी म्हणाली, नाही. ती खरंच सांगत होती.

तिथेच सावलीत त्या जेवायला बसल्या. रूपीकडे नागलीची भाकरी होती, कल्पिताने आईच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. जेवताना कल्पिता वहीत आकडेमोड करत होती. सबंध वाट चार किलोमीटरच्या आसपास भरेल. शिडी दीड किलोमीटर. रूपीने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि विचारलं, "चार माणसं असली, आणि मध्ये ओझं असलं, तर खाली यायला किती वेळ लागेल?"

"ओझं कसलं? किती किलो?"

"पन्नासेक."

कल्पिताला वाटलं की रूपी बांधकामाच्या सामानाबद्दल विचारते आहे; सिमेंट आणि पत्रे वर न्यायचे होतेच. तिने वहीत लिहिलं, थोडा हिशेब केला. "दोन तास. कमीच लागेल, कारण कुठे थांबावं लागणार नाही. आणि शिडीने तेच ओझं नेलं तर तीन-साडेतीन तास. ओझं असेल तर मावशी, हीच वाट जवळची आहे."

रूपीने हातातला तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. उठली आणि कोयता घेऊन पुढच्या झुडपाला लागली.

पाड्याच्या अलीकडे दहा मिनिटांवर तोरणीचा ओहोळ आडवा येतो. जानेवारीत त्यात पाणी नव्हतं; गोटे, वाळू, आणि मध्ये एक डबकं. कल्पिताने दोन्ही काठांमधलं अंतर मोजलं आणि पावसात इथे पाणी किती येतं ते विचारलं. येतं, एवढंच रूपी म्हणाली. किती, गुडघाभर की जास्त? रूपी डबक्याकडे बघत राहिली. ओहोळाला पाणी चढतं, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतं, हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं. त्या दिवशी किती होतं, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. ओहोळ ओलांडून ती पलीकडे गेली आणि मागे वळून न पाहता पाड्याकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी कल्पिता लाहूच्या घरी चहा प्यायला थांबली. लाहूची बायको हिराबाई तिला म्हणाली की रूपी आज बाहेर पडली हे फार बरं झालं, आणि मग चुलीपुढे बसून तिने निलमचं सगळं सांगितलं: झोळी, शिडी, सात वेळा खाली ठेवणं. कल्पिताने कप खाली ठेवला. आपण दुपारी काय बोललो ते तिला आठवलं. रूपीच्या घरी जावं असं तिला वाटलं, पण ती तिकडे वळली नाही. ती खाली गेली आणि डहाणूला परतली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा रूपी नेहमीसारखी कोयता घेऊन तयार होती. माथ्यापर्यंतचा भाग अजून बघायचा होता. ओहोळापाशी आल्यावर कल्पिता थांबली आणि म्हणाली, "मावशी, काल मी जे बोलले ते... मला माहीत नव्हतं. माझे आकडे नुसते कागदावरचे असतात."

"तू खरं सांगितलंस," रूपी म्हणाली. "मी विचारलं म्हणून सांगितलंस."

"तेव्हा तुम्हाला कसं कळणार होतं?"

 रूपीने विचारलं की आज माथ्यावर जायचं ना, मग उन्हाच्या आत निघू या.

माथ्याखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. वाट त्याच्या अंगावरून नेऊ नका, तीस पावलं खालून वळवा, असं लाहूने सांगून ठेवलं होतं. रूपीने पावलं मोजून जागा दाखवली आणि कल्पिताने चुना टाकला. माथ्यावर भन्नाट वारा होता. रूपी एका बाजूला बसून राहिली. कल्पिताने नकाशा पूर्ण केला, पण ओहोळाचा प्रश्न तसाच होता. पाण्याची उंची कळल्याशिवाय तिथे नुसते दगड टाकायचे की लहान पुलासारखा साकव बांधायचा, हे तिला लिहिता येत नव्हतं. परत येताना तिने लाहूला ओहोळावर बोलावून घेतलं.

लाहू काठी टेकत आला. रूपी दोघांच्या मागे, एका दगडावर बसली. लाहूने पलीकडच्या काठावरच्या एका कातळाकडे बोट केलं. दर वर्षी पाणी तिथपर्यंत येतं, म्हणजे कमरेएवढं. मग त्याने बोट आणखी वर नेलं, तिथल्याच उंबराच्या खोडावर अडकून वाळलेल्या काडीकचऱ्यापर्यंत. ते मागच्या पावसाळ्यातलं आहे, असं तो म्हणाला. पुरुषभर पाणी होतं, तीन दिवस उतरलं नव्हतं.

"कधी?" असं कल्पिताने विचारलं.

लाहूने रूपीकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून सांगितलं, "पोरीला नेली त्याच दिवशी. झोळी बांधत होतो तेव्हा पाड्यातल्या सुक्याला पळवला होता मी बघायला. तो इथूनच परत आला. मला हातानंच खूण केली, नाय म्हणून."

 खालच्या बांबूंत वारा घुसल्याचा आवाज येत होता. रूपी उठून उभी राहिली. ती लाहूच्या समोर आली, जिथून त्याला तिच्याकडे बघावंच लागेल.

"म्हणजे बैलवाट बंदच होती."

"बंदच होती."

"मग मला विचारलंत कशाला, भाऊजी?"

लाहूला प्रश्न कळला नसावा असं क्षणभर वाटलं. मग तो म्हणाला, "तू आई आहेस तिची. तुला न विचारता तुझी पोर कशी उचलायची?"

"आणि मी बैलवाट म्हटलं असतं तर?"

"तर तुला सांगितलं असतं, पाणी आहे म्हणून. तू शिडी म्हणालीस. बरं झालं, वेळ गेला नाही, असं वाटलं मला." काठीने तो वाळू उकरत राहिला. "तू हे मनात धरून होतीस काय इतके दिवस?"

रूपी ओहोळात उतरली, गोट्यांवरून चालत पलीकडे गेली आणि उंबराच्या खोडापाशी उभी राहिली. हात वर करून तिने तो वाळलेला कचरा चाचपला. तो तिच्या डोक्याच्याही वर होता. त्यात भाताच्या काड्या होत्या, एक चपलेचा पट्टा होता, बांबूची साल होती. तिने एक काडी ओढून काढली, पाहिली आणि टाकून दिली.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, असं कल्पिताला नंतर वाटत राहिलं. तसं काही झालं नाही. सहा महिने रूपीकडे निदान एक चूक होती. ती रोज उचलायची, रोज ठेवायची, आणि त्यात निलमबरोबरचं काहीतरी शिल्लक होतं. आता चूकही नव्हती. पाऊस होता, साप होता, पाणी होतं. त्या रात्री ती जेवली नाही आणि सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन दारात आलं होतं. इतक्या उशिरापर्यंत ती जन्मात झोपली नव्हती. हिराबाई दोनदा येऊन बघून गेली होती.

मार्चमध्ये डहाणूच्या ऑफिसात बैठक झाली. कल्पिताने दोन्ही वाटांचे नकाशे लावले होते. तिथल्या मोठ्या साहेबांना शिडी आवडली होती. तरुण मुलांना असंच काहीतरी लागतं, लोखंडी कठडे आणि साखळ्या लावल्या की काम होईल, खर्चही निम्मा. बैलवाटेला साकव लागणार, आणि योजनेत साकव बसत नव्हता. कल्पिताने चढाचे आकडे सांगितले, वळणावरून दिसणाऱ्या समुद्राचे फोटो दाखवले, काटेसावर दाखवली. साहेबांनी फोटो छान आहेत असं म्हटलं आणि पुन्हा शिडीच्या नकाशाकडे वळले.

पाड्याकडून लाहू आणि रूपी आले होते. त्यांना काही म्हणायचं आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं. लाहू बोलायला लागला, तोच रूपी उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"शिडीनं माणूस वर जाईल," ती म्हणाली. "वर कोणाचा पाय मोडला, कोणाला काही चावलं, तर खाली कसा आणाल?"

साहेबांनी विचारलं, सध्या कसं आणता.

"झोळीनं. माझी मुलगी आणली होती शिडीनं. साडेतीन तास लागले. ती वाटेतच गेली. तेव्हा बैलवाटेला पाणी होतं, साकव नव्हता. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

ती खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जणू एखाद्या गावाचा पत्ता सांगितला होता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कल्पिताला विचारलं की साकवाची लांबी किती. नऊ मीटर, असं ती म्हणाली. पावसात ओहोळाच्या वरच्या अंगाला धबधबा असतो, लोक तो बघायला थांबतील, तेव्हा ‘धबधबा पाहण्याची जागा’ म्हणून साकव योजनेत बसवता येईल, असं तिने घाईघाईने सुचवलं. तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं की साकव धबधब्यासाठी नाही. साहेबांनी कागदावर सही केली नाही, पण शिडीचा नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला.

मंजुरी यायला आठ महिने गेले. मध्ये एक पावसाळा गेला, तेव्हाही ओहोळ चार दिवस बंद होता. त्या चार दिवसांत कोणाला काही झालं नाही, एवढंच. काम सुरू झालं ते २०१८च्या जानेवारीत. पाड्यातली पंचवीस-तीस माणसं मजुरीला होती. रूपी दगड वाहायची, आणि कुठे किती वळवायचं ते मुकादम तिलाच विचारायचा. एका ठिकाणी त्याने वाट सरळ नेऊन दोनशे फूट वाचवायचं ठरवलं होतं. रूपी म्हणाली की तिथून झोळी नेऊन दाखवा. मुकादम हसला, पण तिने खरंच घोंगडी आणि बांबू आणला, दगडांची पोती त्यात टाकली आणि चौघांना उचलायला लावली. सरळ उतारावर पुढचे दोघे घसरले. वाट जुन्या वळणानेच गेली. मेच्या शेवटी साकव उभा राहिला, पाऊस यायच्या आठवडाभर आधी.

त्या पावसाळ्यात साकवावरून तीन झोळ्या गेल्या. एक लाहूचीच, काठी सटकून मांडीचं हाड मोडलं म्हणून. तो हिवाळ्यात परत चालायला लागला.

दिवाळीनंतर लोक यायला लागले. शनिवार-रविवारी वसईचे, मुंबईचे, कधी सुरतेचे. पाड्यातल्या सहा जणांना वाट दाखवायचं काम मिळालं, त्यांत रूपी एक. ती फार बोलायची नाही. झाडाचं नाव विचारलं तर सांगायची, किती राहिलं विचारलं तर सांगायची. लोकांना तिच्याबरोबर चालायला आवडायचं, कारण ती घाई करत नसे आणि कोणी मागे पडला तर तिला न सांगता कळायचं. त्यात तिला आनंद होता असं म्हणता येणार नाही. सकाळी उठून खाली जायचं, संध्याकाळी वर यायचं, इतकंच.

२०१९च्या जानेवारीत सरावलीहून बचत गटाच्या बायका आल्या. त्यांच्यात मालू नावाची साठीच्या पुढची एक बाई होती, अंगाने जड, गुडघे दुखणारी. बाकीच्या पुढे गेल्या आणि ती मागे राहिली, रूपी तिच्याबरोबर. पहिल्या विसाव्याला मालू दगडावर टेकली, पदराने तोंड पुसलं, समुद्राकडे बघितलं. आपल्या तीन मुलांचं, सुनांचं, नातवांचं सांगून झालं. मग सहज, जसं कोणीही विचारतं तसं, तिने विचारलं, "तुला किती मुलं गं?"

"एक मुलगी," रूपी म्हणाली. "निलम. गेली ती. साप चावला."

मालू चुकचुकली नाही, तिने कपाळाला हात लावला नाही. ती गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "कशी होती?"

हे रूपीला कोणी विचारलं नव्हतं. कशी गेली, किती वाजता, कोणता साप, हे सगळ्यांनी विचारलं होतं.  रूपी म्हणाली की निलमला शेळ्यांची भीती वाटायची. लहान होती तेव्हा एकीने तिची रिबीन खाल्ली होती, तेव्हापासून. आणि दुकानात लागल्यावर घरी येऊन सगळ्यांच्या साड्यांना हात लावून बघायची, हे सुती आहे, हे सुती नाही, फसवलंय तुला. हिराबाईच्या लग्नातल्या साडीबद्दलसुद्धा तिने तसंच सांगितलं होतं आणि हिराबाई दोन दिवस बोलली नव्हती तिच्याशी. रूपी सांगत गेली.  डोळे कोरडेच होते. छातीत मात्र काहीतरी दुखत होतं, आणि ते दुखतं आहे हे तिला समजत होतं.

वरून बायकांनी मालूला हाका मारल्या. मालू उठली, रूपीच्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली आणि साडीचा काठ तिच्यापुढे धरून विचारलं, "ही सुती आहे का गं?"

रूपीने काठ दोन बोटांत चोळून बघितला. नाही, असं ती म्हणाली. मग दोघी सावकाश पुढच्या वळणाकडे चालू लागल्या.